डिले टाकल्याने मेमरी ऑर्डरिंगचा बग जात नाही

टीममधल्या एका नव्या सहकाऱ्याने लिनक्स कर्नलच्या नेटवर्क ड्रायव्हरचा पॅच रिव्ह्यूला टाकला. बदल एकच: रिसीव्हच्या कोडमध्ये एक ‘यूडीले’, म्हणजे काही मायक्रोसेकंदांचा नुसता थांबा (डिले). शेरा: “आर्म प्रोसेसरवरचा क्रॅश गेला.” हे कुठून आणलंस विचारल्यावर त्याने सध्या सगळीकडे फिरणारी ती पोस्ट दाखवली. पोस्टचं म्हणणं असं: शेअर्ड व्हेरिएबल ‘व्होलाटाइल’ (दर वेळी मेमरीतूनच वाच, असं कंपायलरला सांगणारा सी भाषेतला शब्द) करा, भागलं नाही तर डिले किंवा ‘प्रिंटके’ (कर्नलच्या लॉगमध्ये संदेश छापणारं फंक्शन) घाला, इंटेलवर चालतं नि आर्मवर नाही म्हणजे हार्डवेअर खराब, आणि कोअर एकच असेल तर बॅरिअर (मेमरीतल्या वाचन-लिखाणाचा क्रम पक्का करणाऱ्या सूचना) लागतच नाहीत.

आधी डिलेचंच घेतो, कारण सर्वांत जास्त नुकसान त्याने होतं. ड्रायव्हर डिस्क्रिप्टरमध्ये (ड्रायव्हर आणि डिव्हाइस दोघेही पाहतात अशी मेमरीतली छोटी नोंद) नव्या बफरचा पत्ता लिहितो आणि मग ‘आता हा डिव्हाइसचा’ असं सांगणारा ओनर बिट लावतो. कोडमध्ये क्रम बरोबर असला तरी आर्मवर दुसरं लिखाण डिव्हाइसला आधी दिसू शकतं. मग डिव्हाइस जुना पत्ता उचलतं आणि आलेलं पॅकेट तिथे लिहून मोकळं होतं. मेमरीचं ते पान एव्हाना दुसऱ्याच कुणाला दिलेलं असेल तर क्रॅश भलतीकडेच होतो, कधी फाइलसिस्टिममध्ये, तोही बऱ्याच वेळाने. नेटवर्क ड्रायव्हरवर कुणाला संशयही येत नाही.

डिलेमुळे होतं इतकंच की पहिलं लिखाण बहुतेक वेळा तोवर पोहोचलेलं असतं. क्रमाची हमी कुणीच दिलेली नसते. चिप बदलली, लोड वाढला की बग परत हजर, आणि आता तो पकडणं आणखी अवघड. ‘प्रिंटके’चंही तेच: त्याने वेळेचं गणित बदलतं, आत लॉक घेतले जातात, म्हणून बग लपतो. प्रिंट घातल्यावर बग गेला तर तो टायमिंगशी बांधलेला आहे एवढं कळलं. त्याला दुरुस्ती म्हणणं साफ चूक आहे.

दुरुस्ती एका ओळीची आहे: ओनर बिट लावण्याआधी ‘डीएमए_डब्ल्यूएमबी’, म्हणजे आधीची लिखाणं डिव्हाइसला आधीच दिसतील अशी हमी देणारा लेखन-बॅरिअर. लिनक्स कर्नलच्या ‘मेमरी-बॅरिअर्स’ या दस्तऐवजात नेमकं हेच उदाहरण आहे: स्टेटस वाचल्यावर डेटा वाचण्याआधी ‘डीएमए_आरएमबी’ (तसाच वाचनाचा बॅरिअर), मालकी परत देण्याआधी ‘डीएमए_डब्ल्यूएमबी’, शेवटी डोअरबेलला (नवं काम आलं हे डिव्हाइसला कळवणारं रजिस्टर) ‘राइटएल’ (डिव्हाइसच्या रजिस्टरमध्ये लिहिणारं फंक्शन). पोस्ट लिहिणाऱ्याने तेवढा भाग तरी वाचायला हवा होता. वेगासाठी कुणी ‘राइटएल’च्या जागी ‘राइटएल_रिलॅक्स्ड’ घातलं की आधीच्या मेमरी-लिखाणाबद्दलची त्याची हमीही जाते. हे बदल रिव्ह्यूत सहज निसटतात.

‘व्होलाटाइल’बद्दल अर्धं सत्य आहे, ते मान्य करतो. कंपायलर व्हेरिएबल रजिस्टरमध्ये धरून ठेवत नाही, आणि कर्नलचं ‘रीड_वन्स’ (व्हेरिएबल एकदाच वाचायचं मॅक्रो) हेही आतून त्याचाच आधार घेतं. पण हा शब्द कंपायलरपाशी संपतो. प्रोसेसरपर्यंत साधे लोड-स्टोअरच (वाचन-लिखाणाच्या सूचना) पोहोचतात, आणि ते पुढेमागे करायची त्याला मोकळीक असते.

हार्डवेअर खराब? अजिबात नाही. एक्स८६ वर (इंटेलच्या प्रोसेसरची रचना) एका कोअरची साधी लिखाणं इतरांना क्रमानेच दिसतात. स्टोअर बफरमुळे (लिखाणं मेमरीत जाण्याआधी थांबतात ती कोअरमधली जागा) लिखाणानंतरचं वाचन तेवढं पुढे जाऊ शकतं. आर्मच्या नियमांत याहून बरीच जास्त सूट आहे. चिप स्वतःच्या नियमांप्रमाणेच वागते. बग ड्रायव्हरमध्ये पहिल्यापासून होता, इंटेलने तो झाकला.

एकच कोअर असला तरी डिव्हाइस मेमरी पाहतंच. एकाच कोअरसाठी बांधलेल्या कर्नलमध्ये ‘एसएमपी_डब्ल्यूएमबी’ (कोअर-कोअरमधला लेखन-बॅरिअर) केवळ कंपायलरला अडवतो, पण ‘डब्ल्यूएमबी’ (डिव्हाइसलाही लागू होणारा लेखन-बॅरिअर) आपलं काम करतोच.

खरंच शोधायचं असेल तर प्रत्येक लेखन-बॅरिअरची जोडी कोणत्या वाचनाशी आहे ते कागदावर मांडा. कोअर-कोअरमधला प्रश्न असेल तर त्याची छोटी लिटमस टेस्ट (फक्त तो क्रम तपासणारा चिमुकला प्रोग्रॅम) लिहून ‘हर्ड७’ या सिम्युलेटरमध्ये चालवा, त्यासाठी लागणारं कर्नलचं मेमरी मॉडेल (कोणते क्रम शक्य आहेत त्याचे नियम) २०१८ पासून, ४.१७ आवृत्तीपासून, सोर्समध्येच आहे. सापडलेली जोडी बॅरिअरच्या वर कॉमेंटमध्ये लिहा. कॉमेंट नसलेल्या बॅरिअरवर ‘चेकपॅच’ (कर्नलचे पॅच तपासणारी स्क्रिप्ट) उगीच इशारा देत नाही.