सीअरसकर अमेरिकेचं नव्हे

उभ्या पट्ट्यांचं, एक पट्टा सपाट तर शेजारचा चुणीदार असलेलं सुती कापड म्हणजे सीअरसकर. उन्हाळी कपड्यांवरच्या लेखांत आणि व्हिडिओंत त्याची एकच जन्मकथा फिरत असते: न्यू ऑर्लिन्सच्या जोसेफ हॅस्पेल यांनी 1909 च्या सुमारास ते शोधलं, घाम शोषतं म्हणून त्याला ‘सकर’ म्हणतात, आणि धुतल्यावर आटून त्याला चुण्या पडतात. हे तिन्ही दावे चुकीचे आहेत. पहिल्याचा तर मला मनापासून राग येतो, कारण त्यात हिंदुस्थानातल्या विणकरांचं श्रेय पुसलं जातं.

इंग्रजीत हा शब्द 1722 पासून सापडतो. तेव्हा अमेरिका हा देशच नव्हता. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात हिंदुस्थानातून जे कापड विलायतेला जाई, त्याच्याबरोबर हे नावही गेलं. हॅस्पेल यांनी त्याचे सूट शिवून ते लोकप्रिय केले, हे श्रेय त्यांचंच. पण शिवणारा म्हणजे शोधणारा नव्हे.

‘सकर’चा शोषण्याशी काही संबंध नाही. मूळ फारसी शब्द शीर-ओ-शकर, म्हणजे दूध आणि साखर. सपाट पट्टा दुधासारखा, चुणीदार पट्टा साखरेसारखा खरखरीत. ईदला शीरखुर्मा खाणाऱ्याला यातला ‘शीर’ वेगळा सांगायला नको. हिंदुस्थानी बोलीत त्याचं ‘सीरसकर’ झालं आणि इंग्रजांनी ते ऐकलं तसं लिहिलं. उलट टोकाला जाऊन हे नाव थेट संस्कृत ‘क्षीरशर्करा’वरून आलं म्हणणंही बरोबर नाही. फारसीतली ‘शकर’ मुळात आपल्याकडून गेली हे खरं, पण कापडाचं नाव फारसीतच घडलं.

आता चुण्या. त्या धुण्याने पडत नाहीत, मागावरच विणल्या जातात. ताण्याचे, म्हणजे उभे, काही धागे घट्ट ताणतात, काही सैल सोडतात. बहुधा त्यासाठी ताण्याचे दोन वेगळे रूळ लावतात. बाणा, म्हणजे आडवा धागा, ठोकला की सैल धागे गोळा होऊन फुगतात. म्हणूनच चुण्या नेहमी उभ्या पट्ट्यांत येतात आणि कितीही धुतलं तरी जात नाहीत. चुण्यांमुळे कापड अंगाला चिकटत नाही, मधून हवा खेळते, इस्त्रीही लागत नाही. कॉस्टिक सोड्याने कापड जागोजाग आटवून असाच आभास करता येतो, पण त्या कापडाला प्लिसे म्हणतात.