आयर्विनला किती फूट?

ऑगस्ट 2019 मध्ये पहाटे उठलो की मी सांगलीला फोन लावून एकच विचारायचो, 'आयर्विनला किती फूट?' कृष्णेची पातळी तिथल्या आयर्विन पुलावर मोजतात. उत्तर 57 च्या पुढे गेलं, तेव्हा गावभागातल्या आमच्या घराचा खालचा मजला पाण्यात होता आणि आई माडीवर. मी नेदरलँड्समध्ये, नाइमेखनला, वाल नदीच्या काठावर.

आता घरी फोन केला की विषय अलमट्टीचा, म्हणजे सांगलीच्या खाली कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या धरणाचा. कर्नाटकला धरणाची पातळी 519.60 वरून 524.256 मीटरवर न्यायची आहे. सांगलीकरांची भीती मी समजू शकतो. धरणामुळे पाणी मागे किती तुंबतं, त्या फुगवट्याचा हिशोब दोन्ही राज्यांनी एकत्र बसून, सगळ्यांसमोर मांडायलाच हवा. पण 2019 च्या पुरानंतरच्या वडनेरे समितीने अलमट्टीला दोष दिला नाही, पूररेषेतल्या अतिक्रमणांवर मात्र बोट ठेवलं. त्यावर आपण मोर्चे काढत नाही.

इथे नेदरलँड्समध्ये 1995 मध्ये पुराच्या धास्तीने अडीच लाख लोकांना घरं सोडावी लागली. शतकानुशतकं बांध उंच करत आलेल्या या लोकांनी त्यानंतर विचारच बदलला. नाइमेखनसमोरच्या लेंटमध्ये नदीचा बांध 350 मीटर मागे घेतला, मध्ये नदीला दुसरा प्रवाह खोदून दिला. त्यासाठी पन्नासेक घरं पाडावी लागली. लोकांनी कडाडून विरोध केला, वाटाघाटी वर्षानुवर्षं चालल्या. आज मोठ्या पुरात तिथली पातळी साधारण 35 सेंटिमीटर कमी राहते. वाल ही ऱ्हाइनचाच फाटा, आणि ऱ्हाइनकाठच्या देशांचा आयोग 1950 पासून आहे. कृष्णेच्या पाणीवाटपासाठी आपल्याकडे दोनदा लवाद बसला. पूर आला की मात्र मंत्र्यांचे एकमेकांना फोन. कोयना, वारणा, हिप्परगी, अलमट्टी यांचे विसर्ग एका टेबलावर ठरवणारं खोऱ्याचं कायमचं प्राधिकरण हवं, त्यात कर्नाटकही बरोबरीने हवं.

लेंटसारखी घरं सांगलीत पाडा, असं मी म्हणणार नाही. गुंठेवारीत आयुष्याची पुंजी घातलेल्या माणसाला हलवायचं तर आधी त्याला दुसरीकडे जागा द्यावी लागेल. निदान नदीकाठी आखलेल्या निळ्या पूररेषेच्या आत नवं बांधकाम तरी थांबवा, बुजवलेले ओढे मोकळे करा. त्यासाठी कर्नाटकच्या परवानगीची गरज नाही.

गेल्या खेपेला घरी गेलो, तर 2019 मध्ये जिथे बोट फिरली होती तिथेच मुरूम टाकून जमीन उंच केलेली दिसली. आखणीही झाली होती. प्लॉट विकले जात होते.