‘काहीही करू नका’ हे डग्लसने कोणाला सांगितलं?

फ्रेडरिक डग्लस हा गुलामीतून पळून आलेला, एकोणिसाव्या शतकातला अमेरिकेतल्या काळ्या लोकांचा नेता. त्याच्या भाषणातला एक उतारा गेली कित्येक वर्षं फिरतो आहे. त्यात तो म्हणतो: गोरे लोक विचारतात, या काळ्या माणसांचं आम्ही काय करावं? माझं उत्तर पहिल्यापासून एकच: काहीही करू नका! त्याला स्वतःच्या पायांवर उभं राहू द्या. नाही जमलं तर पडू द्या. उताऱ्याखाली निष्कर्ष जोडलेला असतो: स्वतः गुलामी भोगलेल्या माणसानेच सांगून ठेवलंय की सरकारने मधे पडू नये, खास कायदे आणि सवलती नकोत, व्यक्तिस्वातंत्र्य म्हणतात ते हेच. २००३ साली मिशिगन विद्यापीठाच्या लॉ स्कूलमध्ये प्रवेश देताना वंश विचारात घ्यावा का, याचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात आला, तेव्हा न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी आपल्या भिन्नमतपत्राच्या सुरुवातीलाच हा उतारा दिला. त्यामुळे त्याला आणखी वजन आलं.

उतारा खरा आहे. १८६५ मध्ये, यादवी युद्ध संपत आलेलं असताना, बॉस्टनच्या भाषणात डग्लस हे बोलला. पण उताऱ्याच्या शेवटाकडे तीन टिंबं आहेत, थॉमस यांच्या मतपत्रातही आहेत, आणि सगळा अर्थ त्या टिंबांत गडप झाला आहे. तिथे डग्लस म्हणतो: तो शाळेच्या वाटेवर दिसला तर त्याला जाऊ द्या, त्रास देऊ नका. हॉटेलात जेवणाच्या टेबलाकडे निघाला तर जाऊ द्या. मतपेटीकडे निघाला तर अडवू नका. कारखान्यात शिरताना दिसला तर त्याच्या आड येऊ नका. आणि मग येतं ते शेवटचं वाक्य, की तुमच्या ढवळाढवळीने त्याचं नुकसान होतंय.

ही चारही उदाहरणं डोळ्यांपुढे आणा. ‘ढवळाढवळ’ म्हणजे मदत नव्हे, अडवणूक. डग्लसने ती अंगावर झेलली होती. १८३८ मध्ये बाल्टिमोरहून पळून तो न्यू बेडफर्डला पोचला. जहाजाच्या फळ्यांमधल्या फटी बुजवण्याचं कसबी काम त्याला येत होतं, ते देणारा मालकही भेटला. पण हा माणूस कामाला लागला तर आम्ही सगळे निघून जाऊ, असं गोऱ्या कामगारांनी बजावलं. कसबी कामाचे रोजचे दोन डॉलर मिळाले असते, त्याला एका डॉलरवर पडेल ती मजुरी करावी लागली. पुढे १८४१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावी रेल्वेतल्या गोऱ्यांच्या डब्यातून उठायला त्याने नकार दिला, तेव्हा त्याला ओढून बाहेर काढलं गेलं. त्याने बाक इतका घट्ट धरून ठेवला होता की बाकही उखडले. ‘आमच्या आड येऊ नका’ हे सांगणं या माणसाचं आहे, आणि ते त्या ओढणाऱ्या हातांना उद्देशून आहे.

शिवाय त्याच भाषणाची मुख्य मागणी काय होती? काळ्या पुरुषांना तात्काळ, बिनशर्त आणि सरसकट मताधिकार. तो कोण देणार? सरकारच. त्याच भाषणात त्याने उत्तरेच्या सैन्यातल्या जनरल बँक्सच्या लुइझियानातल्या धोरणावरही टीका केली. मुक्त झालेल्या मजुराने कुठे, कधी आणि किती मजुरीवर राबायचं हे तिथे लष्करी अधिकारी ठरवत होते. म्हणजे सरकार नको तिथे हात घालतं तेव्हा तो विरोध करतो, आणि हक्काला संरक्षण हवं तिथे सरकारला जाब विचारतो. १८७५ च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेलं, नाट्यगृहं, प्रवासाची साधनं सगळ्यांना खुली केली होती. १८८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. फिरणारा निष्कर्ष खरा असता तर डग्लसला आनंद व्हायला हवा होता. त्याने वॉशिंग्टनच्या लिंकन हॉलमध्ये उभं राहून त्या निकालाचा निषेध केला.

दुसरा दावा असा की तो स्वतःच्या हिमतीवर वर आला, तसं कुणालाही येता येईल. हिंमत अफाट होती, यात वाद नाही. पण पळून जाताना खिशात होते ते एका खलाशाचे ओळखीचे कागद. पैशांची तजवीज करायला ॲना मरे होती, जी पुढे त्याची बायको झाली. न्यूयॉर्कमध्ये आसरा दिला पळून आलेल्या गुलामांना मदत करणाऱ्या डेव्हिड रगल्सने. १८४६ मध्ये इंग्लंडमधल्या मित्रांनी पैसे भरून त्याची कायदेशीर सुटका केली. हे त्याने कधी लपवलं नाही. ‘स्वयंनिर्मित माणसं’ या आपल्या गाजलेल्या व्याख्यानातच तो सांगतो की खऱ्या अर्थाने स्वयंनिर्मित असा माणूस जगात नाही. तिथेच तो असंही म्हणतो की इतरांच्या पाठीशी हजार वर्षांची शिदोरी असताना काळ्या माणसाला शून्यातून, रिकाम्या हाताने सुरुवात करायला लावणं हा न्याय नव्हे. रशियातल्या भूदासांना, म्हणजे जमीनदाराच्या जमिनीला बांधलेल्या शेतकऱ्यांना, मुक्तीबरोबर जमीन मिळाली, आम्हाला मात्र रिकाम्या हाताने हाकललं, ही तुलनाही त्याने केली.

जोतीराव फुल्यांनी हे बरोबर ओळखलं होतं. अमेरिकेतल्या ज्या लोकांनी गुलामांना मुक्त केलं त्यांना त्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली. पण बेड्या तुटल्या की काम संपलं असं मानलं नाही. १८८२ मध्ये शिक्षणाविषयीच्या हंटर आयोगापुढे त्यांनी किमान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी केली.

दावा करणाऱ्यांचं एक म्हणणं मला पूर्ण मान्य आहे: डग्लस व्यक्तिस्वातंत्र्याचा कट्टर पुरस्कर्ता होता. बाल्टिमोरच्या गोदीत तो दिवसाला दीड डॉलर कमवायचा आणि दर शनिवारी रात्री सगळी कमाई मालक ह्यू ऑल्डच्या हातावर ठेवायचा. कधी सहा डॉलर आणले तर ऑल्ड त्यातले सहा सेंट उत्तेजन म्हणून परत द्यायचा. डग्लस लिहितो की त्याचा परिणाम उलटाच झाला: त्या सहा सेंटांतच सगळ्या मजुरीवरच्या आपल्या हक्काची कबुली होती. कष्टाचं मोल कष्टकऱ्याचं, हे याहून नेमकं कुणी मांडलेलं माझ्या वाचनात नाही.

अभिव्यक्तीबद्दलही तसंच. डिसेंबर १८६० मध्ये बॉस्टनच्या ट्रेमाँट टेंपलमधली गुलामीविरोधी सभा जमावाने उधळली. काही दिवसांतच डग्लसने त्याच शहरात भाषण करून बजावलं की बोलणाऱ्याचं तोंड दाबलं की ऐकणाऱ्याचाही हक्क लुटला जातो. श्रीमंताला आणि बलवानाला बोलू दिलं म्हणून भागत नाही. अगदी सामान्य माणसालाही तितक्याच मोकळेपणाने बोलता येत नसेल, तर शहराचं सरकार नुसतं नावापुरतं उरतं, असं तो म्हणाला. सरकारने दूर राहावं एवढंच त्याला हवं होतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे भाषण त्या १८६५ च्या उताऱ्याशेजारी ठेवून वाचावं, आणि उतारा टिंबांशिवाय, पूर्ण वाचावा.