लुसैलचं तिकीट आणि घरचा टीव्ही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

2022च्या कतारमधल्या फुटबॉल विश्वचषकाचा, लुसैल स्टेडियममधला अर्जेंटिना-फ्रान्स अंतिम सामना मी तिथे जाऊन पाहिला, त्यावर लिहिलेल्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. दोन ओळींत उरकावी अशी ती नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: तिकिटाला 2,200 कतारी रियाल मोजून मी जे पाहिलं त्याहून चांगलं तुम्ही घरी टीव्हीवर पाहिलंत. राहण्याचा खर्च मी लेखात दाखवलाच नाही. सामना रंगला म्हणून मला तो पैसा वसूल वाटतो, रटाळ झाला असता तर हा लेख आलाच नसता. ज्या मजुरांनी ते स्टेडियम बांधलं त्यांच्या पगाराशेजारी तिकिटाचा आकडा ठेवून पाहा. आणि शेवटी, पुन्हा जाल का?

राहण्याच्या खर्चाचं तुम्ही अगदी बरोबर पकडलंत. माझा धाकटा भाऊ दोहात नोकरीला आहे. मी त्याच्याकडे उतरले, त्यामुळे तो खर्च शून्य झाला. हे मी लेखात लिहायला हवं होतं, कारण हिशेबाचा सगळा तोलच त्यावर आहे. फॅन व्हिलेजमधल्या, म्हणजे प्रेक्षकांसाठी उभारलेल्या तात्पुरत्या वसाहतीतल्या, पत्र्याच्या खोलीलासुद्धा रात्रीचे सातशे रियालांच्या पुढे पडत होते. चार रात्री धरल्या तर राहण्याचा खर्च तिकिटाच्याही वर जातो. भाऊ तिथे नसता तर मी गेले नसते. 'हौसेला मोल नसतं' असं आपण सहज म्हणून जातो, पण हौसेला मोल असतं आणि ते शेवटच्या रियालपर्यंत मांडून दाखवायलाच हवं. कर्ज काढून, घरच्यांच्या गरजा मागे टाकून जाण्याच्या लायकीचा कुठलाच सामना नसतो, अंतिम सामनाही नाही.

आता टीव्हीचं. तुम्ही म्हणता की घरी बसून तुम्हाला जास्त दिसलं. काही बाबतींत नक्कीच. 108व्या मिनिटाचा अर्जेंटिनाच्या मेस्सीचा गोल आठवा. त्याच्या संघातल्या लाउतारोचा फटका फ्रान्सचा गोलरक्षक लोरिसने अडवला, परत आलेला चेंडू मेस्सीने आत ढकलला आणि फ्रान्सचा बचावपटू कुंडेने तो रेषेच्या आतून बाहेर मारला. तुम्हाला हे रिप्लेमध्ये लगेच कळलं. आम्हाला वरून एवढंच दिसलं की चेंडू आत गेला, बाहेर आला आणि खेळाडू धावत सुटले. गोल दिला की नाही, ऑफसाइड तपासताहेत की काय, काही कळेना. शेजारचे लोक एकमेकांना विचारत होते आणि कोणालाच उत्तर माहीत नव्हतं. तो गोल मला नीट समजला दुसऱ्या दिवशी, भावाच्या टीव्हीवर.

पण टीव्हीवर काय बघायचं ते दुसरं कोणीतरी ठरवतं, आणि कॅमेरा बहुतेक वेळ चेंडूच्या मागे असतो. माझी जागा तिसऱ्या श्रेणीची, गोलपोस्टच्या मागे, खूप उंच. अशा जागेला लोक नाकं मुरडतात. खेळाडूंचे चेहरे दिसत नाहीत, लांबच्या गोलचा अंदाज येत नाही. मात्र तिथून मैदानाची रुंदी दिसते, आणि त्या दिवशीचा पहिला अर्धा तास सगळा रुंदीचाच होता. अर्जेंटिनाचा खेळ उजवीकडे चालला असताना त्यांचा डी मारिया डावीकडे पार टचलाइनला, मैदानाच्या कडेच्या रेषेला, चिकटून उभा असायचा, एकटा. चेंडू त्याच्यापासून चाळीस-पन्नास मीटर लांब आणि त्याच्याभोवती मोकळं रान. आधी मला वाटलं, हा खेळातच नाही. मग लक्षात आलं की उभं राहणं हेच त्याचं काम आहे. फ्रान्सचे बचावपटू चेंडूकडे सरकत होते आणि प्रत्येक वेळी त्याच्यापुढची जागा आणखी मोठी होत होती.

36व्या मिनिटाला मेस्सीने एका स्पर्शात चेंडू पुढे सरकवला, अल्वारेझने तो मॅक अ‍ॅलिस्टरला दिला, आणि तोवर डी मारिया डावीकडून सुटला होता. आमच्या स्टँडमधले लोक पास निघायच्या आधीच उठून उभे राहिले. तुम्ही तो गोल टीव्हीवर पाहिलात तेव्हा डी मारिया पडद्यावर अचानक आला असेल. आम्ही त्याला अर्धा तास येताना पाहत होतो. मी पैसे मोजले ते यासाठी. त्यानंतर पाचच मिनिटांनी, मध्यंतराच्याही आधी, फ्रान्सचे प्रशिक्षक देशाँनी जिरू आणि डेंबेले या आघाडीच्या दोघांना बाहेर काढलं तेव्हा आमच्याकडे कोणालाही आश्चर्य वाटलं नाही. फ्रान्सची मधली फळी कशी फाटली आहे हे वरून सरळ दिसत होतं.

दुसरी गोष्ट आवाजाची. अर्जेंटिनाच्या पाठीराख्यांचा मोठा ढोल सामना सुरू व्हायच्या कितीतरी आधीपासून वाजत होता, इतका अखंड की तासाभराने तो ऐकू येईनासा होतो, श्वासासारखा. 80व्या मिनिटाला फ्रान्सच्या एम्बापेची पेनल्टी आत गेली तरी तो चालू होता. मग 97 सेकंदांत त्याचाच दुसरा गोल, ती व्हॉली, चेंडू हवेत असतानाच मारलेली. फ्रान्सच्या कोपऱ्यात गर्जना उठली आणि आमच्या बाजूचा ढोल थांबला. तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की तो इतका वेळ वाजत होता. मधल्या वर्तुळातून खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा आमच्या आसपास बोलायला कोणी तयार नव्हतं. ढोलवाल्याने मग काठी न उचलता नुसत्या बोटांनी, एकेक करत, ठोके द्यायला सुरुवात केली. टीव्हीच्या आवाजात ती बोटं ऐकू येणार नाहीत. 88,966 प्रेक्षकांच्या आकड्यातही ती नाहीत.

आता तुमचा खरा मुद्दा, ज्याने मला दोन दिवस विचार करायला लावला: सामना 3-3 झाला, पेनल्टीवर गेला, म्हणून हे सगळं सुचतंय. मी अर्ज केला तो फेब्रुवारी 2022 मध्ये. तेव्हा गटांची सोडतही निघाली नव्हती, ती 1 एप्रिलला निघाली. अंतिम फेरीत कोण येणार हे माहीत नसताना मी पैसे भरले, आणि समोर काहीही येऊ शकलं असतं. 1990 साली रोममध्ये अंतिम सामना 85व्या मिनिटाच्या एका पेनल्टीवर संपला आणि अर्जेंटिनाचे दोन खेळाडू बाहेर काढले गेले. 1994 मध्ये पॅसाडीनाला 120 मिनिटांत एकही गोल झाला नाही. त्या दोन्ही दिवशी स्टेडियमात माझ्यासारखीच साठवलेल्या पैशांवर आलेली माणसं बसली होती. तेव्हा हो, माझं नशीब चांगलं होतं. ते तिकिटाच्या किमतीत धरता येत नाही.

म्हणून मी भावाशी बोलले. 22 नोव्हेंबरला, त्याच लुसैलमध्ये, त्याने अर्जेंटिना-सौदी अरेबिया सामना पाहिला. कतारच्या रहिवाशांसाठी चौथी श्रेणी होती, त्याला तिकीट पडलं 40 रियाल. पूर्वार्धात अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाइड ठरले, मध्यंतरानंतर सौदीने पाच मिनिटांत दोन मारले आणि 36 सामने न हरलेला संघ हरला. भाऊ म्हणतो, सौदीच्या अल-दौसारीने चेंडू वळवून मारला तेव्हा त्याच्या पुढच्या रांगेतल्या सौदी मुलांनी एकमेकांना इतकं घट्ट धरलं की त्यांना नाचताच येईना. तो हे सांगतो तेव्हा त्याचा आवाज माझ्यासारखाच होतो. त्याने 40 मोजले, मी 2,200.

हे मी मूळ लेखात लिहिलं नव्हतं आणि तुमच्यामुळे लिहिते आहे. मैदानात जाऊन सामना पाहण्याचं मोल मी छातीठोकपणे सांगेन. 'अंतिम' या शब्दासाठी जो जादा पैसा जातो, त्याबद्दल तेवढ्या खात्रीने बोलता येत नाही. त्या जादा पैशात काहीच मिळालं नाही असंही नाही. सौदीकडून हरल्यावर चारच दिवसांनी अर्जेंटिनासमोर मेक्सिको होतं, सावरायला जागा होती. 18 डिसेंबरला अर्जेंटिनाच्या मोंतिएलची शेवटची, निर्णायक पेनल्टी आत गेल्यावर फ्रान्ससमोर काहीच नव्हतं. निळ्या जर्सीतले खेळाडू होते तिथेच खाली बसले. सगळं स्टेडियम दुसरीकडे बघत होतं, कॅमेरेही बहुधा तिकडेच होते. मी त्यांच्याकडे बघत राहिले. तीन गोल करूनही हरलेल्या एम्बापेसारख्या माणसाची पाठ कशी दिसते, हे मला तिथे कळलं.

मजुरांच्या मुद्द्याला मी उत्तर देणार नाही, कारण तो खोडून काढण्यासारखा नाहीच. कतारमध्ये 2021 पासून किमान मूळ वेतन महिन्याला 1,000 रियाल आहे. माझं तिकीट म्हणजे त्या मजुराचे दोन महिने आणि वर काही दिवस. पहिल्या श्रेणीचं 5,850 रियालांचं तिकीट म्हणजे जवळजवळ सहा महिने. सामना संपल्यावर मेट्रोच्या रांगेत, उंच खुर्चीवर बसून 'मेट्रो, धिस वे' असं पुन्हा पुन्हा सांगणारी मुलंही परदेशातून कामाला आलेलीच होती. त्यांच्या इशाऱ्यावर मी चालत गेले आणि त्या रात्री हा हिशेब माझ्या डोक्यातही आला नाही. तो यायला हवा होता. तुम्ही आकडे शेजारी ठेवायला सांगितलेत, ते मी आता मूळ लेखातही घातले आहेत.

पुन्हा जाल का, असं तुम्ही शेवटी विचारलं आहे. 2026च्या विश्वचषकासाठी दर मागणीप्रमाणे बदलते ठेवले गेले, आणि अंतिम सामन्याच्या सर्वांत महाग तिकिटाचा भाव विक्रीच्या सुरुवातीलाच 6,730 डॉलर होता. अधिकृत पुनर्विक्रीतही घेणारा आणि विकणारा, दोघांकडून 15-15 टक्के कापले जाण्याची पद्धत. अशा बाजारात अंतिम सामन्याच्या रांगेत मी उभी राहणार नाही. गटातला एखादा सामना बघेन, ज्यात कोणाचंच फारसं लक्ष नाही असा. जागा मात्र तीच मागेन, गोलपोस्टच्या मागची, सर्वांत वरची.