परागकणांच्या जागी हळद ओतू नका

वोल्फगांग लाइब या जर्मन कलाकारानं परागकण जमिनीवर चाळून केलेला तो पिवळाधमक चौकोन फोटोत दिसला की सांगलीकराच्या तोंडून पहिला शब्द निघतो, हळद! पाठोपाठ कल्पना येते की मार्केट यार्ड भरून हळद आहे, मग असलं इन्स्टॉलेशन, म्हणजे जागेवर मांडलेली कलाकृती, इथं का नको? करा की. नक्कल तेवढी करू नका.

न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयात २०१३ साली त्यानं मांडलेला चौकोन १८ बाय २१ फुटांचा होता. हेझलनटचे पराग, तेही नव्वदच्या दशकापासून जर्मनीतल्या आपल्या गावाच्या आसपास हातानं गोळा केलेले. शिक्षणानं डॉक्टर, पण १९७७ पासून हा पराग वेचतोय. प्रदर्शन उरकलं की सगळं परत बरणीत. त्या पिवळ्यात वर्षं साठलीत, ती हळदीचं पोतं फोडून येत नाहीत. शिवाय आपल्याकडं पिवळी पूड जमिनीवर दिसली की लोकांना पालीचा खंडोबा आठवणार, पराग नव्हे.

आता हळदच वापरायची तर तिचा स्वभाव ओळखा. १० बाय १० फुटांवर १ मिलिमीटर थराला साधारण ४ ते ५ किलो लागते. तयार पूड घेऊ नका, रंग मिसळलेला असू शकतो आणि मलमलीतून जमिनीवर चाळताना तीच धूळ नाकात जाते. हळकुंडं आणून गिरणीतून दळून घ्या, मास्क लावा. हळदीत तेल असतं, त्यामुळं गुठळ्या होतात आणि मलमल लगेच बुजते. आधी रांगोळीच्या चाळणीतून काढा, मग मलमलीतून, तेही थोडी थोडी घेऊन. मधूनमधून कापड झटका. पंखे बंद, दाराशी पडदा. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत हा उद्योग करूच नका. नवी हळद बाजारात येते तेव्हा, उन्हाळ्याच्या तोंडाशी करा. खिडकीतलं ऊन मात्र टाळा, हळदीचा रंग उडतो.

सगळ्यात जास्त फसगत जमिनीवर होते. नवं सिमेंट किंवा चुना आणि जराशी ओल, की हळद लाल. चिमूटभर टाकून पाणी शिंपडा. लालसर झाली तर खाली प्लायवूड घालून त्याला अ‍ॅक्रिलिक पांढरा रंग द्या.

खरं तर हाच दोष या कामाचा विषय व्हावा. हळद आणि चुन्यातून कुंकू होतं हे घरोघरी ठाऊक आहे. अर्ध्या चौकोनावर चुन्याची निवळी बारीक फवाऱ्यानं मारा. जाड थेंब पडले तर खड्डे पडतात, म्हणून हात वर धरा. लाल लगेच चढतो, पण टिकत नाही, हळूहळू तपकिरीकडं झुकतो. रोज बदलणारा हा रंग लाइबच्या परागात नाही, तो हळदीचाच.

आवरताना चुन्याचा भाग वेगळा खरवडा. एकत्र झाडून डब्यात भरलात तर ओल लागताच उरलेली पिवळीही लाल होईल.