सभेला उशीर झाला तर होऊ दे

लहान विमान किंवा हेलिकॉप्टर कोसळल्याची बातमी आली की आपल्याकडे तासाभरात दोन मतं तयार होतात. इंजिन बंद पडलं असणार, नाहीतर घातपात असणार. माणूस मोठा असेल तर दुसरं मत जास्त जोरात. चौकशीचा अहवाल येईपर्यंत विषय थंड झालेला असतो आणि तो अहवाल फारसं कुणी वाचत नाही. मी वाचतो. बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये तपासणीच्या टेबलावर बसतो, त्यामुळे एखादा पार्ट का तुटला हे शोधायची सवय अंगात मुरलेली आहे. पण या अहवालांत तुटलेला पार्ट कमी सापडतो. जास्त सापडते ती घाई.

खासगी लहान विमानांच्या अपघातांची नोंद अमेरिकेत वर्षानुवर्षं नीट ठेवली गेली आहे. तिथे साधारण चारातले तीन अपघात पायलटच्या निर्णयाशी नाहीतर हाताळणीशी जोडलेले निघतात. याचा अर्थ पायलट बेफिकीर असतात असा काढू नका. मोठ्या प्रवासी विमानात दोन पायलट असतात, खाली हवामान बघणारी माणसं असतात, किती दिसत असेल तर उतरायचं आणि किती नसेल तर नाही याचे कंपनीचे ठरलेले नियम असतात. ‘नाही’ म्हणायला अख्खी व्यवस्था पाठीशी उभी असते. लहान विमानात बहुतेक वेळा एकाच माणसाला ‘नाही’ म्हणायचं असतं, आणि तेसुद्धा मागच्या सीटवर बसलेल्या मालकाला, नेत्याला, नाहीतर स्वतःच्या घरच्यांना.

त्या एकट्या माणसावर दबाव कोण टाकतं? माझं स्पष्ट मत आहे की पुष्कळदा आपणच टाकतो. खाली मंडप घालून वाट बघत बसलेले आपण.

आठवून बघा. ३० सप्टेंबर २००१, माधवराव शिंदे कानपूरच्या सभेला निघाले होते. बीचक्राफ्ट किंग एअर जातीचं लहान विमान उत्तर प्रदेशात मैनपुरीजवळ खराब हवामानात कोसळलं, आठ जण गेले. १७ एप्रिल २००४, आपल्याच कर्नाटकातली अभिनेत्री सौंदर्या निवडणुकीच्या प्रचारासाठी बेंगळूरच्या जक्कूर विमानतळावरून करीमनगरला निघाली. सेस्ना १८० विमान उडाल्यावर काही क्षणांतच खाली आलं, त्यात तिचा भाऊही गेला. २ सप्टेंबर २००९, आंध्रचे मुख्यमंत्री राजशेखर रेड्डी लोकांना भेटायला चित्तूरकडे निघाले, आणि पावसाळी ढगांत त्यांचं हेलिकॉप्टर नल्लमलाच्या जंगलात आदळलं. तिन्हींची कारणं वेगवेगळी आहेत आणि सभेमुळेच अपघात झाला असं मी म्हणत नाही. पण तिन्ही ठिकाणी पुढे कुठेतरी माणसं जमलेली होती, वेळ ठरलेली होती. रेड्डींच्या अपघाताच्या चौकशीत दिसलं की गिअरबॉक्समधल्या तेलाच्या दाबाचा प्रश्न आला आणि पुस्तिकेतलं योग्य पान शोधण्यात पायलटांची मोलाची मिनिटं गेली. समोर हवामान बिघडत होतं आणि मागे फिरायचा निर्णय झालाच नाही.

लग्नाचंही तेच. जॉन केनेडींचा मुलगा १६ जुलै १९९९ ला चुलत बहिणीच्या लग्नासाठी स्वतःचं पायपर साराटोगा विमान घेऊन रात्री निघाला. बरोबर बायको आणि मेहुणी. खाली समुद्र, वर धुरकट हवा, क्षितिज कुठे दिसेना. फक्त उपकरणं बघून उडवायचा परवाना त्याच्याकडे नव्हता. चौकशीत निष्कर्ष निघाला की त्याला दिशेचं आणि तोलाचं भान राहिलं नाही. विमानात बिघाड सापडला नाही.

हे भान जाणं म्हणजे काय, ते समजून घेण्यासारखं आहे. आपला तोल कानाच्या आतला अवयव सांभाळतो, पण डोळ्याला क्षितिज दिसलं नाही तर तो फसतो. विमान हळूहळू एका अंगाला कलत असलं तरी शरीर सांगतं, सरळ आहे. पायलट ते ऐकतो, वळण घट्ट होत जातं, उंची कमी होते. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात २० पायलटांवर प्रयोग झाला. उपकरणांवर उडायची सवय नसलेल्या या पायलटांना ढगात शिरल्यासारखी परिस्थिती दिली. विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला. सरासरी वेळ १७८ सेकंद. तीन मिनिटंसुद्धा नाहीत.

आता आपल्या भागाकडे बघा. जूनमध्ये जांबोटीच्या पुढे चोर्ल्याकडे गेलेल्या माणसाला सांगायला नको, गाडीचे दिवे लावूनही पुढचं वळण दिसत नाही. चंदगड, खानापूर, आंबोली सगळीकडे ढग डोंगरावर टेकलेले असतात. एप्रिल-मे महिन्यांत दुपारपर्यंत कडक ऊन आणि चारच्या सुमाराला वळीव. वळवाचा ढग बाहेरून नुसता काळा दिसतो, पण त्याच्या पोटात हवा एका जागी जोरात वर चढते आणि शेजारी तितक्याच जोरात खाली कोसळते. लहान विमानाला त्यातून वाट काढता येत नाही, त्याने लांबून वळसा घ्यायचा असतो. आणि नेमक्या याच दिवसांत आपल्याकडे प्रचारसभा असतात, यात्रा असतात, लग्नं असतात.

उन्हाळ्याची आणखी एक गोष्ट आहे, ती फार जणांना माहीत नसते. बेळगावचा सांबरा विमानतळ समुद्रसपाटीपासून जवळपास अडीच हजार फुटांवर आहे. पारा ३५ अंशांवर गेला की हवा एवढी विरळ होते की विमानाच्या दृष्टीने तोच विमानतळ पाच हजार फुटांहून उंचावर जातो. इंजिनाला ताकद कमी मिळते, पंखाला उचल कमी मिळते, धावपट्टी जास्त लागते. चार सीटच्या विमानात चार धडधाकट माणसं, त्यांचं सामान आणि टाकी काठोकाठ भरलेली, असं सकाळी सातला कदाचित जमेल. दुपारी दोनला तेच ओझं जिवावर बेतू शकतं. पाहुण्यांना दुपारचीच वेळ द्या असा हट्ट धरणाऱ्याला हे कुणी सांगितलेलं नसतं.

माझी भाची विमान चालवायला शिकतेय, दुसऱ्या राज्यात. मागच्या सुट्टीत आली होती तेव्हा मी तिला विचारलं, उडाल्यावर लगेच इंजिन बंद पडलं तर काय करायचं? ती म्हणाली, “मामा, पहिलं मनात येतं ते मागे वळून धावपट्टीवर यायचं. आणि तेच करायचं नाही. उंची कमी असेल तर समोर जे मोकळं दिसेल तिथे उतरायचं. शेत तर शेत.” मग जेवणाचं ताट बाजूला सारून तिने हाताचा पंजा कलवून दाखवला. विमान ४५ अंश कलवून वळवलं की ज्या वेगाखाली पंखाची उचल सुटते तो वेग जवळपास एक-पंचमांशाने वाढतो. ६० अंश कलवलं तर चाळीस टक्क्यांहून जास्त. इंजिन नाही, वेग उतरत चाललाय, आणि माणूस घाबरून जास्तच कलवतो. उचल सुटते, एक पंख खाली पडतो, सावरायला उंची नसते. अशा वळणात जाणाऱ्यांची यादी फार मोठी आहे.

म्हणून ३० मे २०२३ ला सांबऱ्याहून उडालेलं प्रशिक्षणाचं विमान होनिहाळजवळ शेतात उतरवावं लागलं, तेव्हा गावात ‘विमान पडलं, विमान पडलं’ म्हणून बोभाटा झाला तरी मला त्यातली एकच गोष्ट मोठी वाटली होती. आतले दोघेही जिवंत बाहेर आले. अशा वेळी विमानाची मोडतोड मोजत बसू नये.

आता यंत्राचं. यंत्र बिघडत नाही असं नाही, पण त्यातलंही बरंच काही जमिनीवरच पकडता येण्यासारखं असतं. भाची सांगते, रोज सकाळी पहिलं काम म्हणजे पंखाखालच्या नळीतून थोडं पेट्रोल पारदर्शक भांड्यात काढायचं आणि उजेडात धरून बघायचं. विमानाचं पेट्रोल निळसर असतं. रात्री गारव्याने टाकीत पाणी जमलं असेल तर ते तळाला वेगळं, बिनरंगी दिसतं. ते दिसेनासं होईपर्यंत पुन्हा पुन्हा काढायचं. मग पंखाखालची पिटो ट्यूब, वेग मोजणारी बारीक नळी. तिच्यावर लाल पट्टीचं आवरण घालून ठेवायचं असतं, कारण उघडी राहिली तर कुंभारीण माशी आत चिखलाचं घर बांधते. आपल्या खिडकीच्या चौकटीत बांधते तेच. चिमूटभर माती, आणि वर गेल्यावर वेगाचा काटा खोटं सांगायला लागतो.

कार्बुरेटर असलेल्या जुन्या इंजिनांत आणखी एक गोष्ट घडते. पेट्रोलची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता ओढून घेतं, म्हणून दमट दिवशी बाहेर २५ अंश असताना आत बर्फ धरतो. हॉटेलच्या भटारखान्यात मोठी शेगडी तासन्‌तास पेटती असली की गॅसच्या सिलिंडरला खालून घाम आणि मग पांढरा थर येतो, तसाच प्रकार. इंजिन खोकतं, ताकद जाते. त्यासाठी गरम हवा सोडायचा दांडा असतो, तो वेळेत ओढायचा. नाही ओढला आणि विमान शेतात गेलं, तर माणसं पोचेपर्यंत बर्फ वितळलेला असतो आणि इंजिन उघडून बघणाऱ्याला सगळं ठाकठीक दिसतं.

तपासणीच्या टेबलावर बसणारा म्हणून ज्या अपघाताने मला सगळ्यात जास्त हलवलं तो अमेरिकेतल्या बेडफर्डचा, ३१ मे २०१४ चा. खासगी गल्फस्ट्रीम जेट, अनुभवी पायलट, आकाश निरभ्र. उभ्या विमानाच्या पंखांचे आणि शेपटीचे हलते भाग वाऱ्याने हलू नयेत म्हणून एक कुलूप असतं, ते काढायचं राहिलं. उडण्याआधी सुकाणू सगळीकडे फिरवून बघितलं असतं तर दहा सेकंदांत कळलं असतं. सातही जण गेले. नोंदी तपासल्या तेव्हा कळलं की त्या पायलटांनी आधीच्या १७५ उड्डाणांपैकी फक्त दोन वेळा ही तपासणी पूर्ण केली होती. १७३ वेळा काही झालं नाही, म्हणून सोडून द्यायची सवय लागली. चेकलिस्ट नावाची गोष्टच मुळात अशाच कुलपामुळे रुजली. १९३५ साली बोइंगचं नवं बॉम्बर विमान चाचणीत पडलं, तेव्हाही कुलूप काढायचं राहिलं होतं. ऐंशी वर्षांनी पुन्हा तेच. आमच्या शॉपमध्ये रात्रीच्या पाळीला पोरं गेज न लावता पार्ट पुढे सरकवतात तेव्हा मी ओरडतो, त्यामागे हा अहवाल आहे.

संजय गांधींचा २३ जून १९८० चा अपघात वेगळ्या जातीचा, दिल्लीवर कमी उंचीवर कसरती करताना झालेला. त्यात वाट बघणारं कुणी नव्हतं. पण बाकी बहुतेक ठिकाणी कुणीतरी होतं.

घातपाताची शंका घेऊ नका असं मी म्हणत नाही, चौकशी व्हायलाच हवी. त्यासाठी आपल्याकडे २०१२ पासून विमान अपघात अन्वेषण विभाग आहे. अपघाताची चौकशी पुढचा अपघात टाळण्यासाठी करायची, दोष वाटण्यासाठी नाही, असा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. पण या चौकशांतून निघालेलं शहाणपण मराठी-कन्नड बोलणाऱ्या माणसापर्यंत, म्हणजे मंडप घालणाऱ्यापर्यंत आणि पाहुणे बोलावणाऱ्यापर्यंत, पोचतच नाही.

म्हणून आपल्या भागातल्या मंडळांना, आयोजकांना, कार्यकर्त्यांना हात जोडून सांगतो. पाहुणा हवेतून येणार असेल तर पत्रिकेवर वेळ छापताना दोन तासांची मोकळीक ठेवा. पाऊस आला तर हुबळीहून किंवा कोल्हापूरहून रस्त्याने आणायची गाडी आधीच उभी ठेवा. ‘लोक बसलेत, साहेबांना काहीही करून आणा’ असा फोन पायलटला किंवा त्याच्या ऑफिसला करू नका. आणि पायलटने आज उडत नाही म्हणून सांगितलं, तर माइक हातात असलेल्या माणसाने लोकांना तसंच सांगावं: हवामान खराब आहे, विमान आलेलं नाही, पाहुणे उद्या येतील.