गाडी लेट, सहा लेट

परवा सकाळी मी माझ्याच लोअर बर्थवर हनुवटी छातीला टेकवून दीड तास बसलो होतो. डोक्यावर मिडल बर्थ उघडा होता आणि त्यावरचे काका सहा वाजले आहेत हे मान्य करायला तयार नव्हते. मान अजून डावीकडे वळत नाही. वळायला लागली की कदाचित माफही करेन, म्हणून त्याआधीच लिहून घेतो.

ज्यांनी स्लीपरच्या डब्यात कधी रात्र काढलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एका कप्प्यात आठ बर्थ. समोरासमोर तीन-तीन, आणि पॅसेजच्या पलीकडे खिडकीला लागून दोन. आपला बर्थ नंबर आठने भागायचा. बाकी एक किंवा चार उरली तर लोअर, दोन किंवा पाच उरली तर मिडल, तीन किंवा सहा उरली तर अप्पर. सात उरली तर साइड लोअर आणि काहीच उरलं नाही तर साइड अप्पर. जुन्या डब्यात असे नऊ कप्पे, म्हणजे 72 बर्थ; नव्या एलएचबी डब्यात दहा कप्पे, 80 बर्थ. हा भागाकार पाठ असलेला बरा. कारण "जरा अ‍ॅडजस्ट करता का, माझाही लोअरच आहे, पलीकडच्या डब्यात" असं अत्यंत गोड आवाजात म्हणणाऱ्या गृहस्थांचा नंबर विचारला की ते खाली बघत "सहासष्ट" म्हणतात. मनातल्या मनात भागा. बाकी दोन. म्हणजे मिडल, आणि डबा जुना असेल तर तोही संडासाला लागून असलेल्या कप्प्यातला.

आता मिडलबद्दल. दिवसा तो खाली लोंबतो आणि बसणाऱ्यांना पाठ टेकायला होतो. रात्री उचलून साखळ्यांना अडकवला की त्याचा बिछाना. तो उघडला की खालच्या बर्थवर माणूस आडवा होऊ शकतो, पण बसू शकत नाही. मिटला की खाली तिघं बसू शकतात, पण मिडलवाल्याला झोपता येत नाही. थोडक्यात, एकाची झोप ती दुसऱ्याची मान. यावरून भांडणं होणार हे उघडच होतं, म्हणून रेल्वेने वेळ बांधून दिली. पूर्वी रात्री नऊ ते सकाळी सहा होती, ऑगस्ट 2017 च्या परिपत्रकापासून दहा ते सहा आहे. आजारी, दिव्यांग आणि गरोदर प्रवाशांना या वेळेबाहेरही झोपू द्यावं, अशी विनंतीही त्यात आहे. साइड अप्परवाल्याला त्या आठ तासांत साइड लोअरवर बसायचा हक्क नाही, हेसुद्धा आहे. सगळं लिहून ठेवलंय. फक्त ते सहा कोणाच्या हिशोबाने वाजायचे, एवढंच लिहायचं राहिलं.

गाडी नागपूरहून मुंबईकडे जाणारी. दहा वाजले तेव्हा काका माझ्या बर्थवर वर्तमानपत्र पसरून त्यावर डबा मांडत होते. मी पाय आखडून कोपऱ्यात. जेवणाऱ्या माणसाला उठवू नये हा संस्कार. साडेदहाला डबा मिटला आणि भाच्याचा फोन आला. विषय शेताच्या बांधाचा. रात्री दहानंतर मोबाइलवर मोठ्याने बोलायला मनाई आहे, पण काकांना तो नियम लावता येत नव्हता, कारण ते बोलतच नव्हते. बोलत होता भाचा. काका फक्त ऐकत होते, स्पीकर लावून. त्या बांधाची सध्याची स्थिती, तलाठ्याने काय सांगितलं आणि शेजारच्याने रात्रीतून किती खांब सरकवले, हे आता आमच्या अख्ख्या कप्प्याला माहीत आहे.

साडेअकराला बर्थ उघडायचा ठरला. याचीही रीत असते. आधी सगळ्यांनी उभं राहायचं, खालच्या पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या हलवायच्या. मग खटका सोडून बर्थ आडवा होईपर्यंत उचलायचा. एकाने तो खांद्यावर धरून ठेवायचा आणि दुसऱ्याने साखळ्या अडकवायच्या. साखळ्या दोन असतात, एक पॅसेजच्या बाजूला आणि एक खिडकीच्या बाजूला. पॅसेजची सगळे अडकवतात, कारण ती हाताशी येते. खिडकीची अडकवायला आत वाकावं लागतं, अंधारात आकडा चाचपावा लागतो, म्हणून ती "लागली असेल" असं समजून लोक चढतात. काकाही चढायच्या बेतात होते. मी दुसरी साखळी लावायला लावली, दोन्ही ओढून बघितल्या आणि बर्थवर हाताने भार देऊन पाहिला. ते म्हणाले, "लय टेन्शन घेता बाप्पा तुम्ही." घेतो. जून 2024 मध्ये केरळहून दिल्लीकडे जाणाऱ्या गाडीत वरचा बर्थ कोसळून खालच्या प्रवाशाचा जीव गेला. साखळी नीट अडकवलेली नव्हती, असं रेल्वेने नंतर सांगितलं. भार देऊन पाहायला काही सेकंद लागतात. खाली झोपणाऱ्याने ते स्वतः करावं, कारण वर झोपणाऱ्याला पडण्याची भीती असते, खाली कोणी आहे याची नसते.

आणि मग सकाळ झाली.

पावणेसहालाच अप्परवाले खाली उतरले आणि माझ्या पायाशी वाकून बसले. त्यांना परत वर चढायचं नव्हतं, गुडघे दुखत होते. त्यांच्यामुळे मला पाय पसरता येईनात, म्हणून मीही उठून बसलो, म्हणजे दुमडलो. समोरच्या बाकावरचा मिडल केव्हाच मिटला होता आणि तिथली मंडळी पाठ टेकून माणसासारखी बसली होती. सहा वाजून दहा मिनिटांनी मी पॅसेजमध्ये उभा राहिलो.

काकांचं डोकं खिडकीकडे आणि पाय पॅसेजकडे. त्यामुळे पुढचा सगळा संवाद मी एका मोज्याशी केला. करड्या रंगाचा मोजा, अंगठ्याला भोक, आणि त्या भोकातून बाहेर आलेला अंगठा मुद्द्यागणिक हलत होता.

"काका, सहा वाजून गेले. बर्थ मिटवायचा का?"

अंगठा स्थिर.

"काका."

"जागाच आहो मी."

"मग उठता का? झोपायची वेळ दहा ते सहा असते."

"माहीत आहे नं. गाडी किती लेट आहे?"

"दीड तास."

"सहाले गाडी कुठी पाहिजे होती?"

"नाशिकरोडला."

"आन् आता कुठी आहे?"

मी वाकून बाहेर बघितलं. पिवळ्या पाटीवर नांदगाव लिहिलं होतं.

"नांदगावला."

"मंग?" अंगठा माझ्याकडे वळला. "सहाचं ठेसन आलंच नाही, तं सहा कसे वाजले?"

मी घड्याळ दाखवलं. मोज्याला दाखवलं, हे नंतर लक्षात आलं.

"काका, गाडी लेट झाली म्हणून घड्याळ लेट होत नाही."

"तसं कसं? टाइमटेबल कोणाचं? रेल्वेचं. नियम कोणाचा? रेल्वेचाच. मंग तिचा टाइम लेट, तं तिचा नियमबी लेट. दीड तासानं या."

मी शांतपणे म्हणालो, निदान तसं ठरवलं होतं, की असं चालत नाही. त्यावर काकांनी दुसरी बाजू मांडली.

"बरं, ते सोडा. दहा ते सहा म्हणजे किती तास?"

"आठ."

"मी किती वाजता लेटलो?"

"साडेअकराला. पण तोपर्यंत तुम्ही माझ्याच..."

"साडेअकरा आन् आठ?"

माझ्या तोंडून "साडेसात" निघून गेलं. चांगल्या शाळेत शिकल्याचे हे परिणाम.

"पाहा बरं! इकडून मोजा, नाही तं तिकडून मोजा, साडेसातच येऊन राहिले."

समोरच्या लोअरवरच्या आजींनी मान डोलावली. दोन वेगळ्या रीतींनी एकच उत्तर आलं म्हणजे गणित बरोबर, हे त्यांनाही पटलेलं दिसलं. मी विचारलं, "मग काका, माझ्या आठ तासांचं काय? मीही साडेअकरानंतरच झोपलो."

"झोपा नं मंग! कोणी नाही म्हटलं? बर्थ तुमचा, मिडल उघडा आहे, काहून उभे राहिले?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. बरोबरच होतं ते. बर्थ उघडा असण्याचा खालच्याला फायदा एकच, आडवं होता येतं. पण तिथे आता अप्परवाले बसले होते आणि त्यांचे गुडघे दुखत होते.

मी आधारासाठी साइड लोअरकडे बघितलं. तिथे दोन आरएसीवाले होते. आरएसी म्हणजे पूर्ण भाडं आणि अर्धा बर्थ. दोन अनोळखी माणसं रात्रभर एकमेकांचे पाय मांडीवर घेऊन बसतात आणि कोणी गाडी चुकवतंय का याची वाट बघतात. त्यांतला एक म्हणाला, "तुम्हाला आख्खा बर्थ मिळालाय ना? मग कशाला कटकट?" डब्यातलं न्यायदान असंच असतं. ज्याचे हाल आपल्यापेक्षा कमी, त्याचं गाऱ्हाणं खोटं.

साइडवाल्यांचा राग मला समजतो. त्यांचा बर्थ दोन खुर्च्यांच्या पाठी आडव्या पाडून होतो आणि दोन पाठी जुळतात ती फट नेमकी कमरेखाली येते. आता काही डब्यांत त्यावर टाकायला खिडकीच्या बाजूला एक सलग फळी दिलेली असते, पण ती तिथे आहे हे अनेकांना माहीत नसतं आणि ते खिडकीशी अंग चोरून तशीच रात्र काढतात. एक गोष्ट मात्र विसरू नये. लालूप्रसाद यादव रेल्वेमंत्री असताना साइडच्या दोन बर्थच्या मध्ये तिसरा घुसवला होता, साइड मिडल! उत्पन्न वाढणार होतं. वाढली ओरड, आणि तो पुढे काढून टाकावा लागला. तो आज असता तर माझ्यासारखे आणखी नऊ-दहा लोक त्या सकाळी दुमडलेले असते.

रेल्वेमंत्री म्हटलं की मला मधू दंडवते आठवतात. दुसऱ्या वर्गाच्या बर्थना तेव्हा नुसत्या लाकडी फळ्या होत्या. 1977 साली राजापूरचा हा खासदार रेल्वेमंत्री झाला आणि त्याने त्यावर दोन इंचांचा फोम घालायला लावला. आज आपण ज्यावर कुशी बदलतो ते त्या दोन इंचांचं पुण्य. साध्या माणसाला रात्री पाठ टेकता यावी एवढाच विचार. पाठीची सोय झाली. मानेचं कोणी बघितलं नाही.

आणि खरं सांगायचं तर राग काकांचा कमीच आहे. नियम करायचा आणि तो पाळून घ्यायचं काम सहप्रवाशांच्या स्वभावावर सोडायचं, ही पद्धत चीड आणणारी आहे. दहानंतर टीसीने झोपलेल्याला तिकिटासाठी उठवू नये, असा दंडक आहे. सहानंतर झोपलेल्याला कोणी उठवावं, याबद्दल चकार शब्द नाही. साखळी विनाकारण ओढली तर एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा वर्षापर्यंत कैद, हे प्रत्येक कप्प्यात रंगवलेलं असतं. ती गाडीची साखळी. बर्थची साखळी सहाला सोडा, एवढं त्याच पाटीखाली एका ओळीत लिहायला किती रंग लागतो? मग मोज्याशी वाद घालावा लागणार नाही, बोट दाखवलं की झालं. पण तसं नाही, त्यामुळे जो आधी आडवा होतो त्याचं खरं. साठीच्या पुढचे पुरुष आणि पंचेचाळिशीच्या पुढच्या बायका यांना लोअर मिळावा म्हणून कोटा आहे, चांगलंच आहे. पण सकाळी त्या लोअरवर ताठ बसता यावं यासाठी कसलाच कोटा नाही.

मनमाडला अपडाऊनवाले चढले. दोघं माझ्या बर्थवर टेकले, सवयीने आपोआप वाकून. त्यांच्या माना त्या कोनात घडलेल्याच होत्या. मनमाड सुटल्यावर गाडी सिग्नलला थांबली आणि थांबूनच राहिली. आरएसीवाल्याने मोबाइलवर बघून जाहीर केलं, "आता दोन तास लेट!" मी त्याला डोळे वटारून गप्प केलं. काकांचा पहिला सिद्धांत लावला असता तर सहा आता आठला वाजणार होते.

सुदैवाने काकांनी दुसरा लावला. बरोबर साडेसातला त्यांच्या मोबाइलचा गजर झाला. मोजा आत गेला, दुसऱ्या बाजूने चेहरा आला, अगदी ताजातवाना. त्यांनी चादरीची चौघडी केली, मला बर्थ खांद्यावर धरायला लावला, दोन्ही साखळ्या स्वतः सोडल्या आणि फळी अलगद खाली घेतली. काम चोख होतं, हे कबूल करायला हवं. मग अपडाऊनवाल्यांना जरा सरकवून ते थेट खिडकीशी जाऊन बसले.

"काका, ती माझी जागा आहे. लोअर माझा आहे."

त्यांनी माझ्याकडे कीव येऊन बघितलं.

"सहा वाजले नं आता. दिवसा सीट सगळ्यायचीच असते."